खासदार संरक्षणाचा निधी 'खेचून आणतात' म्हणजे नेमकं काय करतात?

सीताबर्डी_सिग्नल
आपल्या नागपूर-विदर्भ पट्ट्यात संरक्षण खात्याचा पसारा मोठा. अंबाझरीची आयुध निर्माणी, वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, शिवाय जवाहरनगर आणि भद्रावतीच्या निर्माण्या आणि पुलगावचा दारूगोळा डेपो. त्यामुळे निवडणूक जवळ आली की 'संरक्षण क्षेत्रासाठी कोट्यवधींचा निधी खेचून आणला' असे फलक लागतातच, पक्ष कोणताही असो. प्रश्न असा की, लोकसभेतल्या एका खासदाराला संरक्षणाच्या अर्थसंकल्पातला एखादा आकडा वाढवता येतो का? येत नसेल तर त्याच्या हातात काय असतं? राजकीय उखाळ्यापाखाळ्या नकोत. प्रक्रिया माहीत असलेल्यांनी लिहा.

तर्रीपोहे
फलक लावता येतो. तेवढं नक्की.

लेखाशीर्ष
नाही वाढवता येत. एक रुपयासुद्धा नाही. घटनेच्या कलम ११३ नुसार लोकसभा अनुदानाची मागणी (म्हणजे मंत्रालयाच्या खर्चाचा प्रस्ताव) मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवण्याचा अधिकार दिलेलाच नाही. मागणी मांडायलाही राष्ट्रपतींची शिफारस लागते, म्हणजे व्यवहारात ती सरकारच मांडणार. राज्यसभेत मागण्यांवर मतदान होतच नाही. मंजूर रक्कम तिजोरीतून काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक हे धन विधेयक, त्यामुळे राज्यसभेने ते १४ दिवसांत परत करायचं आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नाहीत.

आता आकडे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६,८१,२१० कोटी रुपये होते. हा एक गठ्ठा नसतो, चार मागण्या असतात. मागणी १९ मंत्रालयाची नागरी बाजू, सुमारे २८,६८३ कोटी. मागणी २० संरक्षण सेवांचा महसुली खर्च (पगार, देखभाल, वापरून संपणारं साहित्य), ३,११,७३२ कोटी. मागणी २१ भांडवली खर्च (नवी शस्त्रं, विमानं वगैरे), १,८०,००० कोटी. मागणी २२ निवृत्तिवेतन, १,६०,७९५ कोटी. पेपरात हेडलाइन येते ती भांडवलाची. तो एकूण रकमेच्या २६.४ टक्के, आणि पेन्शन २३.६ टक्के.

धंतोलीची_ताई
@लेखाशीर्ष, कमी करता येतं म्हणता, म्हणजे कपात सूचना ना? पण संरक्षणाचा पैसा कमी करा असं कोणता खासदार म्हणेल? दुसऱ्या दिवशी देशद्रोही ठरेल बिचारा.

लेखाशीर्ष
ताई, कपात सूचनेचा उपयोग कपातीसाठी क्वचितच असतो. प्रकार तीन. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणा अशी सूचना. काटकसर हवी असेल तर ठरावीक रक्कम कमी करा अशी. आणि तिसरी, जी खरं तर कामाची, ती सांकेतिक कपात: मागणीतून १०० रुपये कमी करा, कारण अमुक एका गाऱ्हाण्याकडे सरकारचं लक्ष वेधायचं आहे. एखाद्या निर्माणीतली जुनी यंत्रं, माजी सैनिकांच्या दवाखान्यातली औषधं, डेपोभोवतीच्या बांधकामबंदीचा त्रास, हे सगळं १०० रुपयांच्या सूचनेत बसतं.

फेटाळल्या जातात त्या बहुतेक मसुद्याच्या चुकीमुळे. एका सूचनेत एकच विषय हवा आणि तो त्याच मागणीतला हवा. कायद्यात बदल सुचवायचा नाही. न्यायप्रविष्ट बाब चालत नाही. नोटीस किमान एक दिवस आधी. पेन्शनचं गाऱ्हाणं मागणी २० वर टाकलं की ते गेलं, कारण पेन्शन २२ मध्ये.

बाकी सत्ताधारी बाकावरचा खासदार ही सूचना देत नाही. ती मंजूर झाली तर सरकारची नाचक्की, वेळ पडली तर सरकारच जाईल.

महालचा_पक्या
अहो पण चर्चा होतेच कुठं राजेहो? गिलोटिन लावून सगळं एका झटक्यात पास करून राह्यले. कपात सूचना दिली काय न् नाही दिली काय.

लेखाशीर्ष
पक्याचा मुद्दा खरा आहे. कोणत्या मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा करायची ते कामकाज सल्लागार समिती ठरवते, वाट्याला चार-पाच मंत्रालयं येतात. उरलेल्या मागण्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी चर्चेविना एकत्र मताला, हेच गिलोटिन. १४ मार्च २०१८ ला तर सगळ्याच मागण्या, विनियोजन विधेयक आणि वित्त विधेयकही चर्चेविना मंजूर झालं. २०२३ च्या मार्चमध्येही गोंधळातच मागण्या गिलोटिनने गेल्या. संरक्षणाच्या मागण्या सभागृहात सविस्तर चर्चेला येणं ही दरवर्षीची गोष्ट नाही.

रेशीमबाग_मैदान
म्हणजे निष्कर्ष: खासदाराच्या हातात काही नाही. धागा बंद करा.

अभ्यासदौरा
थांबा, इतक्यात नको. सभागृहात जे होत नाही त्यातलं बरंच संरक्षणविषयक स्थायी समितीत होतं. ३१ सदस्य, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, मुदत एक वर्षाची. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. बैठका बंद दाराआड, त्यामुळे कॅमेऱ्यासाठी भाषण करण्यात अर्थ नसतो आणि सत्ताधारी खासदारही मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना अडचणीचं विचारतात. पक्षादेश तिथे चालत नाही.

अर्थसंकल्प मांडला की सर्वसाधारण चर्चेनंतर सभागृहाला सुटी लागते, ती याच कामासाठी. समितीचं सचिवालय मंत्रालयाला प्रश्नांची यादी पाठवतं. मंत्रालय लेखी उत्तरं देतं. मग संरक्षण सचिव, तिन्ही दलांचे उपप्रमुख, डीआरडीओ, वित्त विभाग यांची तोंडी साक्ष. मग मसुदा, स्वीकृती आणि मार्चमध्ये अहवाल सभागृहात. सरकारने तीन महिन्यांत कार्यवाहीचा अहवाल द्यायचा, आणि त्यावर समितीचा पुन्हा एक अहवाल येतो.

तो दुसरा अहवाल कोणी उघडत नाही, आणि माल तिथेच असतो. पाच प्रकरणं असतात. दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात ज्यांवरचं उत्तर समितीला पटलं नाही त्या, पाचव्यात अंतिम उत्तर बाकी असलेल्या. चौथं आधी वाचा. आपल्या खासदाराने कुठे रेटायला हवं ते तिथे आयतं मिळतं.

रेशीमबाग_मैदान
शिफारशी बंधनकारक नाहीत ना? मग वाचनालयात ठेवायला ठीक.

अभ्यासदौरा
बंधनकारक नाहीत, मान्य. शिवाय अहवालात कपात सूचनेसारखं काही सुचवता येत नाही, ही मर्यादाही आहे. पण माहिती बाहेर काढणं हे स्वतःच मोठं काम आहे. उदाहरण देतो. मार्च २०१८ चा अहवाल, अध्यक्ष भुवनचंद्र खंडुरी, स्वतः निवृत्त मेजर जनरल आणि सत्ताधारी पक्षाचे खासदार. सैन्याच्या उपप्रमुखांनी समितीपुढे सांगितलं की ६८ टक्के साहित्य जुन्या पिढीचं आहे. आधुनिकीकरणासाठी मिळाले २१,३३८ कोटी, आणि आधीच झालेल्या करारांचे हप्तेच २९,०३३ कोटींचे. म्हणजे नवीन खरेदी सोडाच, जुनी देणीसुद्धा भागणार नव्हती. हे आकडे अर्थमंत्र्यांच्या भाषणात नसतात. समितीमुळे ते छापील नोंदीत आले आणि आजही वापरले जातात.

संत्राबर्फी
+१. 'बांधील देणी' हा शब्द प्रत्येक पत्रकाराने पाठ करावा. भांडवली तरतूद वाढली म्हणजे नवी खरेदी वाढली असं नसतं. आधी जुन्या करारांचे हप्ते, उरलं तर नवीन.

महालचा_पक्या
मग जीडीपीच्या ३ टक्के द्या ना सरळ. समित्या कधीपासून म्हणून राहिल्या.

लेखाशीर्ष
टक्केवारीवर भांडण्यापेक्षा दिलेला पैसा खर्च होतो का ते बघा. २०२४-२५ ला भांडवली तरतूद १,७२,००० कोटी होती, सुधारित अंदाजात ती १,५९,५०० कोटींवर आली. साडेबारा हजार कोटी वर्षाच्या मधेच कमी. करार वेळेत होत नाहीत, चाचण्या लांबतात, पुरवठादार तारखा पाळत नाही, हप्ता देण्याची वेळच येत नाही, आणि ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत. म्हणून तर वर्षअखेरीस परत न जाणाऱ्या निधीची शिफारस समिती वर्षानुवर्षं करते. १५ व्या वित्त आयोगानेही २०२१-२६ साठी २.३८ लाख कोटींचा आधुनिकीकरण निधी सुचवला होता.

आणि बातमीतली गंमत ओळखायला शिका. २०२५-२६ चं भांडवल मागच्या सुधारित अंदाजाशी ताडलं तर वाढ जवळपास १२.९ टक्के दिसते, मूळ अंदाजाशी ताडलं तर ४.६५ टक्के. दोन्ही खरं. फलकावर कोणती जाईल ते सांगायला नको.

तर्रीपोहे
फलकावर दोन्हींची बेरीज जाईल.

भद्रावती_लाइन
सगळे भांडवलावरच बोलत आहेत, म्हणून लिहितो. आपल्या पट्ट्याचं पोट मागणी २१ वर नाही, मागणी २० वर चालतं.

अंबाझरीत तोफगोळ्यांची कवचं आणि इतर धातूचे भाग होतात. जवाहरनगरला प्रणोदक (गोळा पुढे ढकलणारी दारू) आणि स्फोटकं. भद्रावतीच्या चांदा निर्माणीत गोळे भरले जातात. पुलगावला साठवण. दारूगोळा ही वापरून संपणारी वस्तू, त्यामुळे तिची खरेदी महसुली खर्चात, सैन्याच्या प्रधान शीर्ष (हिशेबाचं मुख्य खातं) २०७६ खाली 'भांडार' या गौण शीर्षातून होते. तोफ घेतली तर भांडवल, शीर्ष ४०७६. तिचा गोळा घेतला तर महसूल. महसुली मागणीत पगाराला हात लावता येत नाही, म्हणून वर्षअखेरीस ओढाताण झाली की मार बसतो तो भांडारावर, आणि त्याचा धक्का थेट आपल्या निर्माण्यांच्या ऑर्डरींना.

खासदार भांडवली बजेट वाढल्याचं श्रेय घेत असेल आणि त्याच वर्षी भांडाराची तरतूद जागच्या जागी असेल, तर इथल्या कामगाराला त्या श्रेयाचा काय उपयोग?

सीताबर्डी_सिग्नल
हे नवीनच कळलं. मग भांडवलातला उरलेला पैसा मंत्रालय भांडाराकडे का वळवत नाही?

लेखाशीर्ष
एकाच मागणीतल्या एका शीर्षावरून दुसऱ्यावर पुनर्विनियोजन करता येतं, नियमांच्या चौकटीत. पण २१ मधून २० मध्ये नाही, कारण ती दोन वेगळी अनुदानं आहेत आणि सभागृहाने वेगवेगळी मंजूर केलेली आहेत. त्यासाठी पुरवणी मागणी आणावी लागते, कलम ११५. आपल्या हिवाळी अधिवेशनात विधानसभेत येतात ना, तशाच. मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला तर तो आधी लोकलेखा समितीपुढे जातो आणि मग जादा अनुदान म्हणून सभागृहात येतो. खासदाराला हस्तक्षेपाची एक चांगली जागा म्हणजे डिसेंबरमधल्या पुरवणी मागण्या. तेव्हा वर्षाचा खर्च कुठवर आला ते दिसतं आणि बदल करायला तीन महिने हातात असतात. मार्चमध्ये बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं.

हुरडापार्टी
हिवाळी अधिवेशनाचं नाव निघालंच आहे तर, आमदारांनी यात काय करावं? आमच्याकडे आमदारही 'संरक्षण प्रकल्प आणला' म्हणतात.

अभ्यासदौरा
संरक्षण केंद्रीय सूचीत आहे, विधानसभेत त्यावर काही होत नाही. पण एक अपवादासारखी जागा आहे, आणि ती नागपूरकरांना माहीत असायलाच हवी. अमरावती रोडवरच्या पट्ट्यात खासगी स्फोटक कारखाने आहेत. तिथे दुर्घटना झाली की सगळे संरक्षण मंत्र्यांना पत्र लिहितात. चुकीचा पत्ता. स्फोटकांचा परवाना देते पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय नागपुरातच आहे आणि ती येते वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली. कारखान्यातल्या कामगार सुरक्षेची तपासणी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची, म्हणजे तो प्रश्न विधानसभेत आमदारानेच विचारायचा. एका स्फोटाचे असे तीन तुकडे होतात आणि तिघेही म्हणतात, हे आमच्याकडे नाही.

धंतोलीची_ताई
आणि सरकारी निर्माणी असेल तर? २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला स्फोट झाला, त्याबद्दल कोणाला विचारायचं?

भद्रावती_लाइन
संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग. पण इथे २०२१ नंतर गाठ बसली आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं, ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. जवाहरनगर आणि चांदा गेल्या पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. अंबाझरी यंत्र इंडियाकडे, तिचं मुख्यालय नागपूर. म्हणजे पूर्वी जे एका मंडळातलं आतल्या आत हस्तांतर होतं, कवच इकडून तिकडे, ते आता दोन कंपन्यांमधला व्यवहार झाला: दर, बिल, वसुली सगळं आलं. सुरुवातीला ६५,००० कोटींहून जास्त किमतीच्या जुन्या मागण्यांचं करारांत रूपांतर करून दिलं होतं. पुढच्या ऑर्डरी आपापल्या मिळवायच्या.

खासदारासाठी बदल काय? पूर्वी निर्माण्यांचा खर्च शीर्ष २०७९ खाली थेट संसदेपुढे यायचा. आता तो कंपनीच्या ताळेबंदात. आणि कंपनीच्या दैनंदिन कारभाराबद्दलचा प्रश्न सहसा स्वीकारलाच जात नाही. बदल्या, कॅन्टीन, अमुक शॉपचा ओव्हरटाइम, हे टाकलं की प्रश्न बाद. धोरण, ऑर्डरींचं एकूण मूल्य, सुरक्षा लेखापरीक्षण, भांडवली गुंतवणूक, असंच विचारावं लागतं. नाहीतर मग सरकारी उपक्रमविषयक समिती.

महालचा_पक्या
ओव्हरटाइमचा प्रश्न बाद? मंग राह्यलं काय बावा!

सीताबर्डी_सिग्नल
उत्तम माहिती मिळते आहे. मूळ प्रश्नावर येतो: निधी 'खेचून' आणता येत नाही हे पक्कं झालं. मग मतदारांनी खासदाराला नेमकं काय करायला सांगायचं? कामगारांच्या वतीने एक प्रश्न पाठवायचा असेल तर कसा लिहावा?

अभ्यासदौरा
अतारांकित लिहा, म्हणजे लेखी उत्तराचा. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न लोकसभेत दिवसाला २० आणि सोडतीवर अवलंबून. त्यातही वरचे मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. पूरक प्रश्न विचारता येतात हा त्याचा फायदा, पण आकडे हवे असतील तर अतारांकित बरा, दिवसाला २३० असतात आणि उत्तर लेखी येतं. नोटीस किमान १५ दिवस आधी. प्रश्न १५० शब्दांच्या आत. लोकसभेत संरक्षणाचा वार शुक्रवार, राज्यसभेत सोमवार. शुक्रवारी दुपारी अर्धे खासदार विमानतळावर असतात हे माझं मत, नोंदीत घेऊ नका.

मसुदा असा:

(क) गेल्या तीन आर्थिक वर्षांत सशस्त्र दलांकडून म्युनिशन्स इंडिया व यंत्र इंडिया यांना मिळालेल्या ऑर्डरींचं वर्षनिहाय एकूण मूल्य;
(ख) त्याच वर्षांत सैन्याच्या महसुली अनुदानातील भांडार शीर्षाखालील अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष खर्च;
(ग) विदर्भातील निर्माण्यांत या काळात झालेली सुरक्षा लेखापरीक्षणं, आणि त्यांतील किती शिफारशी अपूर्ण आहेत;
(घ) दारूगोळ्याचा सध्याचा साठा व तो किती दिवस पुरेल.

लेखाशीर्ष
(घ) काढा. गुप्त बाबींची माहिती मागणारा प्रश्न स्वीकारला जात नाही, आणि एका उपप्रश्नापायी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सगळाच प्रश्न अडकू शकतो. साठ्याबद्दल जे उघड करण्यासारखं होतं ते कॅगच्या २०१५ आणि २०१७ च्या अहवालांत आलेलं आहे, खासदाराने ते वाचून जावं.

(ख) सगळ्यात भक्कम आहे, कारण ते आकडे संरक्षण सेवा अंदाजांच्या छापील खंडात असतातच, नाही म्हणता येत नाही. (ग) ला 'माहिती गोळा करून सभापटलावर ठेवली जाईल' असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. आलं तर निराश होऊ नका, ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाही झालं तर आश्वासन समिती मागे लागते. खासदाराच्या कार्यालयाने फक्त तारीख लिहून ठेवायची.

भद्रावती_लाइन
(ग) मध्ये 'विदर्भातील निर्माण्या' नको. विभागानुसार तक्ता मंत्रालयाकडे तयार नसेल तर उत्तर मोघम येतं. अंबाझरी, भंडारा (म्हणजे जवाहरनगर), चांदा अशी तिन्ही नावं घाला. पुलगाव यात घालू नका, तो डेपो सैन्याचा आहे, उत्पादन विभागाचा नाही. त्यासाठी वेगळा प्रश्न. आणि एकाच खासदाराला सगळे प्रश्न पाठवू नका. जवाहरनगर भंडारा-गोंदियात येतं, पुलगाव वर्ध्यात, भद्रावती चंद्रपुरात, कामठी रामटेकमध्ये. चौघांकडे एकेक द्या.

सीताबर्डी_सिग्नल
(घ) काढला, नावं घातली. (क) मध्ये दोन कंपन्यांचे आकडे वेगवेगळे मागतो, नाहीतर एकच बेरीज हातात येईल. कामगार संघटनेच्या लोकांनी बघून घ्या, मग पुढच्या अधिवेशनाच्या तारखा लागल्या की पाठवू.

तर्रीपोहे
शुक्रवार धरून मागे १५ दिवस मोजा. सुट्ट्या वगळायच्या का?

लेखाशीर्ष
नाही. सुट्ट्या धरूनच, पण नोटीस दिल्याचा आणि उत्तराचा दिवस सोडून पूर्ण पंधरा. प्रत्येक वाराची शेवटची तारीख लोकसभा सचिवालय तक्त्यात देतंच, तोच बघा.